गुडघा कुणाला दिसतो?

आमचं घर टेकडीवर होतं आणि बाकी सगळं जग टेकडीखाली. शाळा, कॉलेज, दवाखाना, किराणा, नागनाथाच्या देवळापुढची गजबज, सगळं खाली औंढ्याला. गाडीरस्ता होता, नाही असं नाही, पण तो टेकडीला एवढा वळसा घालून जायचा की त्या वाटेनं निघालेलं माणूस पोचेपर्यंत पहिला तास आटपलेला असायचा. म्हणून आम्ही मुरमाच्या पायवाटेनं सायकलवरून उतरायचो. हल्ली लोक जाड टायरच्या महागड्या सायकली मोटारीच्या टपावर बांधून डोंगरात नेतात, तिथून दगडधोंड्यांतून खाली येतात आणि त्याला खेळ म्हणतात. परवा टीव्हीवर बघत होते. हेल्मेट काय, गुडघ्याला ढाल काय, कोपराला ढाल काय! मला हसू आलं. आम्ही हेच रोज करत होतो, नुसत्या चपलांवर, दोन वेण्या घालून, हजेरी बुडू नये म्हणून.

सायकल एकच होती. बाबांची जुनी, काळी, दांडीची. बाबा टपाल वाटायचे. त्यांनी कामासाठी दुसरी घेतली तेव्हा ही आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला आली. आक्का कॉलेजात, मी शाळेत. चालवणार ती, मी मागं कॅरिअरवर, तिची वह्यापुस्तकं माझ्या मांडीवर. वाटेत मध्यावर एका म्हाताऱ्या चिंचेपाशी मोडण होतं, म्हणजे वळण, फार अवघड. तिथं मुरूम सैल, खाली चिंचेच्या मुळ्या वर आलेल्या, आणि एका अंगाला काळा पाषाण. तिथं मागच्यानं उडी मारून उतरायचं, सायकलीबरोबर धावायचं आणि मोडण सरलं की पुन्हा उडी मारून बसायचं, हा त्या वाटेचा कायदाच होता. ज्वारीचं पोतं घेऊन बसलेला बाप्या असो की नवी नवरी असो, चिंच आली की मागचं माणूस खाली. पुढचा ओरडायचा, “उतर!” त्यानं ओरडायच्या आधीच मागचा उतरलेला असायचा.

माय वाकळा शिवायची. गावातल्या बायका जुनी लुगडी, फाटकी धोतरं आणून टाकायच्या आणि दुपारभर ती उंबऱ्यात पाय पसरून टाके घालत बसायची. तिची सुई जाड कापडातून निघताना जो बारीक आवाज करायची, तो माझ्या लहानपणाचा आवाज. दुसरा आवाज पहाटेचा, आक्काच्या धावण्याचा. तिला पोलीस भरतीत जायचं होतं. टेकडीच्या माथ्यावर सपाट माळ होता, तिथं ती अंधारातच चकरा मारायची आणि बाबा मनगटावरचं घड्याळ कंदिलापाशी धरून उभे राहायचे. ती घरी येईतो मायच्या भाकरी थापून झालेल्या असायच्या. गरम भाकरी, तेलचटणी आणि अंबाडीची भाजी आक्का उभ्याउभ्याच खायची. माय म्हणायची, “बसून खाय की संगे, घोडी हायेस का?” आक्का म्हणायची, “व्हय, घोडीच हाये.”

मायचा भरतीला विरोध नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की भरतीचं काय कधीबी होईल, लग्नाचं वय थांबत न्हाई. त्या हिवाळ्यात पुसेगावाकडून पाव्हणे आले. मायनं भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर शेव घातली, शेजारून कपबशा आणल्या. मुलगा खाली मान घालून बसलेला, पण त्याची आत्या चांगलीच खमकी. तिनं आक्काला जवळ बसवलं, “हात बघू पोरी,” म्हणाली आणि मनगट धरून बाही वर सारली. तेव्हा तशी चालच होती. मुलीचा हात बघायचा म्हणजे बाही वर करून कोपरापर्यंत कातडी बघायची, कोड नाही ना, डाग नाही ना. आक्काच्या कोपरावर नुकतीच धरलेली खपली होती, चिंचेच्या मोडणाची भेट. आत्यानं खपलीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पडकी दिसून राहिली पोरगी. सायकलीवर बसते म्हणं?” आक्का म्हणाली, “बसत न्हाई, चालवते.” संपलं. सुशीला मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

मायनं ती खपली मनाला लावून घेतली. सायकल बंद कर म्हणावं तर कॉलेज बंद, हे तिलाही कळत होतं. तिचा जीव पोरींच्या शिकण्यावर होता, ती स्वतः अंगठा उठवणारी. मग तिनं तिच्या परीनं तोड काढली. एका दुपारी वाकळ बाजूला सारून ती कापसाचं गाठोडं, बाबांची विरलेली खाकी पँट आणि त्यांच्या टायरच्या चपलांचा झिजलेला जोड घेऊन बसली. खाकीची पिशवी, आत कापूस, वर चपलेच्या टाचेचा टायरचा तुकडा दाभणानं टोचून शिवलेला, आणि मागं बांधायला परकराचे नाडे. पहिला नग एवढा गुबगुबीत झाला की आक्काचा हात वाकेचना. मग कापूस कमी केला, मधे टाके घालून घडी पाडली, नाडे एक वर, एक खाली आणि मागं फुली मारून, म्हणजे सरकणार नाहीत. बाबांनी तो हाताला बांधून अंगणातल्या दगडावर दणकन कोपर आपटून बघितलं आणि म्हणाले, “बराबर. टायर हाय, मरत न्हाई.”

पण टायरचा जोड एकच. टाचेकडचे तुकडे जाड, पंजाकडचे झिजून कागद झालेले. जाड तुकड्यांचं काय करायचं, आक्काच्या कोपराला की गुडघ्याला, यावर चुलीपुढं चर्चा झाली. ती मला शब्दन् शब्द आठवते, कारण नंतर आमच्या घरात ती कितीतरी वेळा पुन्हापुन्हा झाली.

आक्का म्हणाली, “माय, गुडघ्याला कर. भरतीत पळायचंय मला.”

“तुझा गुडघा काय कच्चा हाय?” माय म्हणाली. “आन गुडघा कुणाला दिसतो? कोपर दिसतं. पाव्हणे बाही वर करून बघतेत, सलवार वर करून बघतेत का?”

आक्का खळखळून हसली. मीही हसले. बाबासुद्धा हसले. उरलेल्या पातळ तुकड्यांचे तिनं माझ्यासाठी गुडघ्याचे केले. माझं लग्न अजून लांब होतं ना, माझं कोपर कोण बघणार! आक्कानं खाकी कोपराला बांधली, बाबांना कडक सलाम ठोकला आणि म्हणाली, “चला, खाकी तर अंगावर चढली.”

आक्काच्या अंगावर चढलेली खाकी तेवढीच.

भरतीचं बोलावणं आलेलं होतं. त्या आठवड्यात आक्का हवेत होती. सकाळची वेळ, थंडी, आम्हाला उशीर झालेला, आणि ती नेहमीपेक्षा जोरात सायकल सोडून राहिली होती. वारा कानात शिरत होता, ती गाणं म्हणत होती, मी तिच्या कमरेला घट्ट धरलं होतं. चिंच दिसली. मी सवयीनं पाय खाली सोडले, ढुंगण उचललं. तेवढ्यात ती ओरडली, “उतरू नको! बसून ऱ्हाय! आज बांधलंय आपुन!” मी बसून राहिले. मला तर आनंदच झाला, खरं सांगते. त्या मोडणावर बसून राहिलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

मागचं चाक मुळीवरून सरकलं. मी मुरमावर दोन्ही गुडघ्यांवर पडले आणि तशीच घसरत गेले. माझ्या पातळ टायरांनी काम चोख केलं. परकर फाटला, कातडीला ओरखडा नाही. आक्काचा उजवा गुडघा काळ्या पाषाणावर आपटला. तो आवाज मी लिहीत नाही. ती उठायला लागली, उठता आलं नाही, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुला लागलं का गं?” मी म्हटलं, न्हाई. ती म्हणाली, “मग काहून रडून राहिली?”

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची वाटी फुटली. माय खाटेशी बसून आक्काच्या हाताचे नाडे सोडत होती. गाठी आवळल्या होत्या, तिनं दातानं सोडल्या. दोन्ही कोपरं उलटीसुलटी करून बघितली आणि आक्काला धीर द्यावा म्हणून म्हणाली, “कोपराला कायबी लागलं न्हाई बघ. डाग सुदीक न्हाई.” आणि हे बोलल्यावर ती सोडलेली खाकी मुठीत आवळून बसली. बाबांनी तिच्या हातातून ती खाकी काढून घेतली तरी तिला कळलं नाही.

वाटी जुळली, पण गुडघा पुरता वाकेना. चालता यायचं, चढताही यायचं, पळणं संपलं. मांडी घालणं संपलं. भरतीच्या दिवशी बाबा पहाटे उठले, घड्याळ हातात घेतलं आणि अंगणात नुसतेच उभे राहिले. मी वाकळीतून बघत होते.

त्यानंतर आमच्या घरात अपराधाची वाटणी सुरू झाली, आणि प्रत्येकाला मोठा हिस्सा हवा होता. बाबा म्हणायचे, “ब्रेकचे रबर म्या बदलायचे व्हते. आज करू, उद्या करू म्हणलं.” मी म्हणायचे, मी उतरायला पाहिजे होतं. कुणी गुडघा म्हटलं की माय हातातलं टाकून परसात जायची. तिनं वाकळा शिवणं सोडलं. बायका लुगडी घेऊन यायच्या, ती म्हणायची, डोळ्याला दिसत न्हाई. डोळे चांगले ठणठणीत होते. बाबांनी सायकल ओसरीच्या भिंतीला दोन खुंट्या ठोकून उंचावर टांगली, आणि ती तिथं देवासारखी राहिली, फक्त तिच्यापुढं कुणी हात जोडत नव्हतं. आणि माय औंढ्याच्या बाजारातून डोक्यावर एक लाकडी खुर्ची घेऊन आली. चढाच्या वाटेनं, एकटी. आक्कानं आता जेवताना खुर्चीवर बसायचं. आम्ही तिघं खाली ताटं मांडून आणि आक्का वर, ताट मांडीवर घेऊन, एखाद्या साहेबासारखी. सायीचं दही तिला, भाकरीचा पापुद्रा तिला. तिनं पाण्याचा तांब्या उचलला की तिघंही उठायचो. “अगं, ऱ्हाऊ दे, तुला तकलीफ नको.” मला वाटायचं, आपण किती जपतो आक्काला. तिच्या तोंडाकडं मात्र आम्ही कुणी बघत नव्हतो. आम्ही गुडघ्याकडं बघत होतो.

पुढं एकदा दुसरे पाव्हणे आले. मायनं सतरंजी टाकली आणि सगळे खाली बसले. मुलाची आई म्हणाली, “बस बाई, लाजू नको.” आक्का उभीच. कुणाला काही कळेना. मग तिनं आपल्या हातानं बाही वर केली, कोपर त्या बाईच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, “बसणं जमत न्हाई, कोपर पाहून घ्या. झकास ठेवलंय मायनं.” पाव्हणे गेल्यावर माय भिंतीला डोकं टेकून रडली. मला आक्काचा राग आला होता तेव्हा. आज वाटतं, तिला त्या घरात तेवढं एकच वाक्य मोकळेपणानं बोलता आलं असेल. (तिचं लग्न झालं, उशिरा, आणि चांगलं झालं. नवरा मास्तर. तो बघायला आला तेव्हा मायनं आधीच दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या. पण ते नंतरचं.)

मी नर्सिंगचं शिकले आणि नांदेडला नोकरीला लागले. पहिल्या पगारानंतर सुट्टीला निघाले होते. स्टँडच्या वाटेवर खेळाच्या सामानाचं दुकान होतं, काचेत बॅटी, फुटबॉल आणि खाली एका खोक्यात गुडघ्याचे, कोपराचे पॅड. काळे, वर टणक वाटी बसवलेली, मागं चिकटपट्ट्या. मी आत गेले. दुकानदार मुसलमान चाचा, पांढरी दाढी. “स्केटिंग का सायकल?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सायकल. त्यांनी दोन-तीन जोड काउंटरवर मांडले. एकात नुसता स्पंज, एकात वाटी, एकाची वाटी दोन तुकड्यांत, म्हणजे सांधा वाकला की तीही वाकावी. मायला जे एका दुपारी टाके घालून जमवावं लागलं, ते इथं आयतं. मग त्यांनी साधंच विचारलं, “घुटने का होना, के कोनी का?”

मी तिथं उभी राहिले. गुडघा की कोपर, एवढा सोपा प्रश्न, आणि मला तोंड उघडता येईना. ते वाट बघत होते, मग घाबरून म्हणाले, “बेटी, बैठ जाओ, पानी लाऊं?” मी गुडघ्याचे घेतले. कशासाठी घेतले, मला सांगता येणार नाही. जी वाटी फुटून इतकी वर्षं झाली तिच्यावर आता ढाल कशाला? पण अपराधी माणसाला अक्कल कुठली! त्याला फक्त काहीतरी द्यायचं असतं.

घरी दुपारी पोचले. बाबा ओसरीवर, माय तुरीच्या शेंगा सोलत, आक्का खुर्चीत. मी पिशवीतून ते काढून तिच्या हातात दिले. तिनं उलटून बघितले, पट्टी चर्रकन ओढली, पुन्हा चिकटवली. मला वाटलं हसेल, मग वाटलं रडेल. ती उठली आणि पॅड माझ्या अंगावर फेकले.

“आता? आता कशाला आणलेस? मेल्यावर पाणी पाजायला?”

“आक्का, मी तेव्हा उतरले असते ना…”

“गप!” ती ओरडली. टेकडीखाली ऐकू गेलं असेल. “तू उतरली असतीस. बाबांनी रबर बदललं असतं. मायनं गुडघ्याचं शिवलं असतं. आन मी कुठं व्हते मग? मी सायकलीवर नव्हतेच का? हँडल कुणाच्या हातात व्हतं? बसून ऱ्हाय म्हणून कुणी सांगितलं? मी! मला जोरात जायचं व्हतं, मी गेले, मी पडले. माझी भरती गेली, माझा पाय गेला, आन तुमी तिघं मिळून माझं पडणंबी घेऊन बसलात. ते तरी माझं ऱ्हाऊ द्या की रे!”

मायच्या सुपातल्या शेंगा तशाच. मग आक्का बाबांना म्हणाली, “सायकल खाली काढा.”

बाबांनी माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं. “तुझा पाय वाकत न्हाई लेकरा. पायडल कसं मारशील?”

“उताराला पायडल कुठं लागतंय?”

बाबांनी सायकल काढली, हवा भरली, साखळीला तेल घातलं. आणि न सांगता आत जाऊन ब्रेकचे नवे रबर घेऊन आले. कागदात गुंडाळलेले, केव्हा आणून ठेवले होते कुणास ठाऊक. ते बसवले. आक्कानं पॅड उचलले आणि माझ्याच गुडघ्याला बांधले. “तुलाच लागतेत हे. पडायच्या आधीच रडणारी तू. बस मागं.”

मी बसले. शपथेवर सांगते, आयुष्यात एवढी भीती वाटली नाही. ती न वाकणारा पाय एका अंगाला काठीसारखा काढून बसली आणि सायकल सोडली. वाट तीच, मुरूम तोच. मी स्वप्नात त्या चिंचेपाशी किती वेळा उडी मारली होती, मोजदाद नाही. प्रत्येक स्वप्नात वेळेवर उतरायचे. चिंच दिसली. माझे पाय आपोआप खाली गेले.

“बसून ऱ्हाय!”

मी बसून राहिले. मागचं चाक सरकलं, पाषाण माझ्या टाचेला घासून गेला, आणि मोडण सरलं. खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर तिनं ब्रेक दाबले, नवे रबर किंचाळले, सायकल थांबली. ती घामानं थबथबलेली, मागं वळून म्हणाली, “पाह्यलंस? तव्हाबी जमलं असतं. जरासं हुकलं.”

सायकल ढकलत आम्ही वर निघालो तर चिंचेपाशी माय उभी. म्हातारी अनवाणीच पळत आली होती. तिनं आक्काचा हात धरला, बाही वर सारली, कोपर चाचपलं, मग दुसरं. सवयच ती. मग थबकली. खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला, तसाच ठेवून बसली. “लागलं का गं संगे?”

“न्हाई लागलं,” आक्का म्हणाली. “लागलं असतं तर माझं मला लागलं असतं. ऊठ आता, भूक लागली मला.”

मी आता पन्नाशीला आले आहे. कुणी मला सांगेल की अपराध तिथंच त्या चिंचेखाली संपला, तर मी म्हणेन, नाही हो. माझा अजून आहे. माय गेली तेव्हाही तिच्याजवळ तिचा होता, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही तो आक्काच्या ताटात वाढणं बंद केलं. त्या संध्याकाळी मायनं सवयीनं खुर्ची पुढं ओढली, तर आक्कानं ती पायानंच ओसरीवर सारली. भिंतीला हात टेकून, दात आवळून ती हळूहळू खाली बसली. आम्ही तिघं धरायला उठलो होतो ते तिच्या डोळ्यांकडं बघून परत बसलो. तिचा उजवा पाय सरळ समोर, ताटांच्या मधोमध, चुलीपर्यंत पसरलेला. मायनं पातेलं बाजूला घेतलं, बाबांनी तांब्या सरकवला, मी माझं ताट उचलून पलीकडं ठेवलं. त्या पायाला वळसा घालून आम्ही एकमेकांना भाकरी दिल्या आणि जेवलो.